सपाट

स्विंडनमध्ये, रेल्वेच्या जुन्या कारखान्यामागे,
साठ वर्षं लोक एक हिरवळ लाटत होते,
पोळी लाटावी तशी, कुठे फुगवटा म्हणून नाही.
तिच्यावर म्हातारे लाकडी गोळे घरंगळवायचे.
मग म्हातारे संपले. क्लबाला कुलूप लागलं.
कौन्सिलनं पत्र दिलं: भाजीसाठी, एक वर्ष,
प्रायोगिक तत्त्वावर, पाण्याचं बिल तुमचं.

आम्ही सात जण, त्यात दोघांची कंबर गेलेली.
पहिल्या बैठकीत सगळे माझ्याकडे वळले:
तू इंडियाची, तुला शेती येत असेल.
मी अंबरनाथच्या क्वार्टर्समध्ये वाढले.
एकदा तेलाच्या डब्यात कोथिंबीर लावली होती,
तिच्यावर मांजर झोपलं.
पण मी मान हलवली, आपल्याकडची ती मान,
जिचा अर्थ हो होतो आणि बघू असाही.
वृत्तांतात 'हो' लिहिलं गेलं.

फेब्रुवारी. पहिलं फावडं.
कुंपणापाशी म्यूरिएल हॅस्केट उभी.
तिचा नवरा तीस वर्षं इथला रोलर ओढायचा.
हिरवळ फाटली, जुनं लुगडं फाडावं तसा आवाज झाला.
तिनं हातमोजे काढले,
परत घातले,
गेली.

मग पाऊस. पाण्याला कळेना जायचं कुठे.
सगळीकडे सारखंच, त्यामुळे ते कुठेच गेलं नाही.
वाटाणे कुजले.
मार्चच्या तिसऱ्या शनिवारी
मी, देस्ता आणि किटली एवढेच आलो.
भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यात बाकीचे हजर होते.

देस्ता रात्रपाळीत पार्सलांना पट्ट्या लावतो,
त्याचं गाव अस्मारापासून दोन तासांवर.
त्यानं मूठभर माती आवळली, लाडू केला,
छातीच्या उंचीवरून सोडला.
लाडू पडला आणि लाडूच राहिला.
नाही अजून, म्हणाला.
आणि मला शाळेच्या पुस्तकातला एक शब्द आठवला,
परीक्षेत लिहिलेला, नंतर कधी न लागलेला:
वाफसा.
मी तो मोठ्यानं म्हटला. त्यानं दोनदा म्हटला.
त्याच्या तोंडात तो जास्त वापरलेला वाटला.

नऊ दिवस आम्ही रोज एक लाडू पाडला.
दहाव्या दिवशी म्यूरिएल आली,
नवऱ्याची पाणसळ काखेत मारून.
चिखलात गुडघे टेकून तिनं ती ठेवली.
बुडबुडा मधोमध.
आडवी ठेवली, तिरकी ठेवली. मधोमध.
"बघा," म्हणाली, "केसाइतकी चूक नाही."
मग बराच वेळ काही नाही.
मग: "तुम्हाला चूक लागेल."
आणि तिनंच दोरी बांधली,
या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोन बोटं उतार,
जिच्या घरात तीस वर्षं
उताराचं नाव काढायची सोय नव्हती.

चर खणला. पाणी निघून गेलं, निरोप न घेता.
एप्रिलच्या मध्यावर लाडू पडला
आणि फुटला, भुसभुशीत,
आम्ही टाळ्या वाजवल्या, मातीला.

जूनमध्ये तेवीस मुळे निघाले.
माझी मेथी डेनिसनं तण समजून उपटली,
नीट जुडी बांधली, कंपोस्टात टाकली.
मी ती बाहेर काढली, धुतली,
पुढच्या शनिवारी त्याला भाजी खायला घातली.
कडू आहे, म्हणाला, आणि डबा पुसून खाल्ला.

फाटक आपोआप मिटतं, म्हणून
एक जुना गोळा त्याला टेकवून ठेवलाय.
तो एका अंगानं जड असतो, म्यूरिएल सांगते,
सरळ सोडला तरी वळायचाच,
खेळ सगळा त्यावरच असतो.

कौन्सिलचं दुसरं पत्र अजून आलेलं नाही.
वर्ष फेब्रुवारीत संपतं.
काल आम्ही लसूण लावला, चार ओळी.
तो जुलैत निघतो.